शितावरून भाताची परीक्षा : अनुमान, संभाव्यता आणि यंत्राची बुद्धी

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. कान्हेरीच्या लेण्यांवर लिहावे असे आम्हीही मनाशी योजले होते. परंतु गेल्या पावसाळ्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने विषयाला निराळे वळण दिले. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे एका इतिहासशिक्षकाने यंत्राच्या बुद्धीविषयी लिहिण्याचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येईल.

आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेला एक विद्यार्थी आज डोंबिवलीत वायरमनचे काम करतो. स्वतःचे छोटे दुकान टाकावे म्हणून त्याने कर्जासाठी मोबाईलवर अर्ज भरला. काही मिनिटांतच नकार आला. तो चौकशीला गेला तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने सांगितले, "सिस्टीमने नाकारले आहे. कारण आम्हालाही दिसत नाही. पण तुमच्या भागातले अर्ज बहुधा अडकतातच." रविवारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, कारण विचारल्याशिवाय काही मानू नका, असं तुम्ही आम्हांला शिकवलं. आता यंत्राला कारण विचारायचं कसं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. आम्ही शोधू लागलो आणि लक्षात आले की या उत्तराचा बराचसा भाग आपल्याच घरात, म्हणजे बौद्ध प्रमाणशास्त्रात, पडून आहे. उरलेला भाग गेल्या काही दशकांतील संगणकशास्त्रज्ञांनी घडविला आहे. दोन्ही एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हेतूची तीन लक्षणे

डोळ्यांसमोर जे आहे त्यावरून डोळ्यांआड असलेल्याचे ज्ञान करून घेणे म्हणजे अनुमान. इतिहासाचा अभ्यासक दुसरे काय करतो? सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या एका तुटक्या दगडावरून हे बंदर मौर्य सत्तेच्या कक्षेत होते, असे आपण म्हणतो. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार असे दाते भेटतात. त्यांवरून आपल्या या कल्याणात दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीचा व्यापार होता आणि तेथील लोक संघाला दान देत होते, असे आपण अनुमान करतो. दगड समोर आहे, काळ समोर नाही.

असे अनुमान केव्हा खरे मानावे? इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेले आचार्य दिङ्नाग यांनी याचे काटेकोर उत्तर दिले. ज्या खुणेच्या आधारे अनुमान करावयाचे तिला त्यांनी 'हेतू' म्हटले आणि हेतूची तीन लक्षणे सांगितली. पहिले लक्षण, ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत त्याच्या ठिकाणी ती खूण खरोखर असली पाहिजे. दुसरे, जेथे सिद्ध करावयाची गोष्ट असल्याचे आधीच माहीत आहे अशा ठिकाणी, म्हणजे सपक्षात, ती खूण आढळली पाहिजे. तिसरे, जेथे ती गोष्ट नाही अशा ठिकाणी, म्हणजे विपक्षात, ती खूण मुळीच आढळता कामा नये.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे या परंपरेतील नेहमीचे उदाहरण. धूर त्या डोंगरावर आहे. स्वयंपाकघरात धूर असतो आणि अग्नीही असतो. तळ्यात अग्नी नाही, तेथे धूरही नाही. तिन्ही लक्षणे जुळली, म्हणून अनुमान ग्राह्य ठरले. एक जरी लक्षण सुटले तरी तो हेतू राहत नाही, हेत्वाभास होतो.

धूर की वाफ?

येथवर सारे स्वच्छ आहे. अडचण पुढे आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणारा माणूस सकाळी खिडकी उघडतो आणि त्याला पांढरा लोट वर जाताना दिसतो. तो धूर आहे, बॉयलरची वाफ आहे की हिवाळ्यातले खाडीवरचे धुके आहे? २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी त्या वसाहतीत झालेले स्फोट ज्यांनी अनुभवले, त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

आश्चर्य वाटेल, पण नेमकी हीच शंका सातव्या शतकाच्या सुमारास आचार्य धर्मकीर्तींनी 'न्यायबिंदू' या ग्रंथात घेतली आहे. समोर दिसणारा लोट धुराचा की वाफेचा, असा संशय असेल तर त्यावरून अग्नी सिद्ध करू नये. तो 'संदिग्धासिद्ध' हेत्वाभास होय, असे ते सांगतात. 'धूर तेथे अग्नी' हा नियम निर्दोष आहे. पण समोरच्या लोटाला तो लागू पडतो की नाही, हेच अनिश्चित आहे. नियम पक्का असणे आणि त्याचा वापर पक्का असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

संशय आहे म्हणून थांबावे, हा वादसभेत योग्य नियम झाला. पण खिडकीतून लोट पाहणाऱ्या आईला थांबून चालत नाही. मुलांना घेऊन बाहेर पडावे की नाही, हे तिला ठरवावेच लागते. संशय आहे हे खरे, पण किती आहे? या 'किती'चे शास्त्र म्हणजे संभाव्यता.

तर्क आणि संभाव्यता या दोहोंचा मेळ घातला पाहिजे, ही जाणीव युरोपात जॉर्ज बूल यांना झाली होती. आजच्या संगणकाचा पाया ज्या गणिती तर्कशास्त्रावर उभा आहे, त्याचा विस्तार करणारा त्यांचा ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. विचारांचे नियम हा त्याचा विषय, आणि त्या नियमांवर तर्क व संभाव्यता या दोहोंची गणिती उभारणी करावयाची, हे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. परंतु पुढे शंभर वर्षे या दोन शाखा बहुतांशी वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या.

नियमाला टक्केवारी जोडताना

संगणकाला विचार करावयास शिकविण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा प्रारंभी भर नियमांवर होता. 'असे असेल तर तसे मान' अशी वाक्ये यंत्रात भरावयाची आणि यंत्राने त्यांची साखळी जुळवून निष्कर्ष काढावयाचा. १९७०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाची एक प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचविणे हे तिचे काम. वैद्यकाचे नियम शंभर टक्के लागू पडत नाहीत, हे तिच्या कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी निष्कर्षाला उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा एक विश्वासांक जोडला. युक्ती उपयोगी पडली, पण ते आकडे एकमेकांत कसे मिसळावेत याला संभाव्यतेच्या गणिताचा पक्का आधार नव्हता.

तो आधार देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न निल्स निल्सन यांनी १९८६ साली केला. त्यांची कल्पना आम्ही वर्गात फळ्यावर ज्या रीतीने मांडतो, त्याच रीतीने येथे देतो. आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत.

शंभर सकाळी घ्या. त्यांपैकी ७० सकाळी लोट दिसला. आपला नियम असा : 'लोट दिसला तर आग असते.' हा नियम शंभरांपैकी ९० सकाळी मोडला नाही, १० सकाळी मोडला. नियम मोडणे म्हणजे लोट दिसला, पण आग नव्हती, नुसती वाफ होती. आता प्रश्न असा की शंभरांपैकी किती सकाळी आग होती?

मुले घाईने ७० चे ९० टक्के काढतात आणि ६३ असे उत्तर देतात. पण सावकाश मोजू. लोट दिसलेल्या ७० सकाळींपैकी १० सकाळी आग नव्हती, म्हणजे ६० सकाळी निश्चित होती. उरल्या ३० सकाळी. त्या दिवशी लोट नव्हता, आणि लोट नसताना काय होते याविषयी आपला नियम मौन पाळतो. त्या ३० पैकी एकाही सकाळी आग नसेल किंवा तीसही सकाळी असेल. म्हणून खरे उत्तर एक आकडा नाही. ते ६० ते ९० यांच्या दरम्यान कोठेतरी आहे.

या उत्तरात एक सचोटी आहे, तिच्याकडे आम्ही मुलांचे मुद्दाम लक्ष वेधतो. जेवढी माहिती आहे तेवढेच बोलावे. ६३ हा नेमका आकडा विद्वत्तेचा वाटतो, पण दिलेल्या माहितीतून तो निघत नाही. अंतर कमी करावयाचे तर अधिक माहिती मिळवावी लागते : लोट न दिसताही आग किती वेळा असते, वाफ सोडण्याची वेळ कोणती, जळका वास येतो का. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर अवलंबून आहे याचे जाळे मांडून संभाव्यता मोजण्याची पद्धत ज्युडिया पर्ल यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडली. पुढे २००६ साली मॅथ्यू रिचर्डसन आणि पेद्रो डोमिंगोस यांनी प्रत्येक नियमाला वजन देण्याची रीत मांडली. शुद्ध तर्कात नियम एकदा मोडला की ती शक्यताच बाद होते. या रीतीत नियम मोडणारी शक्यता बाद होत नाही, केवळ दुबळी होते. जितके नियमाचे वजन अधिक, तितकी ती अधिक दुबळी.

आज ज्यांचा सर्वत्र बोलबाला आहे ती संभाषण करणारी यंत्रे मुख्यतः अफाट मजकुरातून काय कशामागून येते हे शिकलेली असतात. त्यांच्यापाशी संभाव्यता भरपूर, नियमांची शिस्त तोकडी. म्हणूनच नियमांचा तर्क आणि उदाहरणांवरून शिकणे यांची सांगड घालण्याचे संशोधन आज जगभर चालू आहे.

कोसंबींचा तराजू

नियम आणि संभाव्यता यांची सांगड आपल्या मराठी मुलखातील एका इतिहासकाराने यंत्राशिवाय घालून दाखविली होती. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर हे पाली व बौद्ध धम्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव. मुळात ते गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते आणि पुण्यातील घरून दख्खनच्या राणीने मुंबईस जा-ये करीत. आपल्या कल्याण, डोंबिवली, ठाणे या स्थानकांवरून ती गाडी जाते, तेव्हा डब्यात बसून वाचणारा तो माणूस आमच्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो.

कोसंबींपुढे प्रश्न होता प्राचीन आहत नाण्यांचा. चांदीच्या त्या तुकड्यांवर चिन्हे ठोकलेली असतात, राजाचे नाव नसते, वर्ष नसते. मग जुने कोणते आणि नवे कोणते हे कसे ओळखावे? कोसंबी एक साधा नियम घेऊन निघाले. नाणे हातोहाती फिरताना झिजते, फिरण्याने त्याचे वजन कधी वाढत नाही. हा झाला पक्का नियम. पण कोणते नाणे किती झिजेल हे योगायोगावर अवलंबून. एक नाणे व्यापाऱ्याच्या थैलीत रोज घासले जाते, दुसरे कोणाच्या गाडग्यात पडून राहते. शिवाय टाकसाळीतून निघतानाच सर्व नाणी अगदी समान वजनाची नसतात.

त्यांनी तक्षशिलेच्या निधींतील नाणी एकेक करून काळजीपूर्वक तोलण्याच्या नोंदी अभ्यासल्या. आपली पद्धत पारखण्यासाठी चालू व्यवहारातील नाणीही तोलून पाहिली. त्यांना आढळले की समूह जितका अधिक काळ फिरलेला, तितके त्याचे सरासरी वजन कमी आणि वजनांतील विखुरलेपण अधिक. नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी ठोकलेल्या खुणांची संख्या वाढत जाते, तसे सरासरी वजन उतरत जाते. अशा रीतीने मुक्या नाण्यांचा कालक्रम लावण्याची एक वाट त्यांनी उघडली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने यातील मर्म असे की हे सारे विधान समूहाविषयी आहे. एकटे नाणे हातात घेऊन, 'हे हलके आहे, म्हणून जुने आहे', असे या पद्धतीने म्हणता येत नाही. ते मुळातच हलके घडलेले असू शकते. समूहाचे सत्य समूहापुरते खरे. ते एकट्या नाण्यावर लादणे म्हणजे संभाव्यतेला नियम समजणे होय.

भांडे एक, शिते अनेक

आता वायरमन विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या अर्जावर यंत्राने नेमका कशाच्या आधारे निकाल दिला, हे त्याला कोणी सांगितले नाही. पण कर्मचाऱ्याने जे कारण सहज बोलून दाखविले, ते दिङ्नागांच्या कसोटीवर घासून पाहता येते. हेतू काय? 'हा अमुक भागात राहतो.' सिद्ध काय करावयाचे? 'हा कर्ज फेडणार नाही.' पहिले लक्षण जुळते, तो तेथे राहतो. दुसरेही कोठे जुळत असेल, तेथील काहींचे हप्ते थकले असतील. पण तिसरे? त्याच भागात राहून वेळेवर हप्ते भरणारी कितीतरी कुटुंबे आहेत. म्हणजे विपक्षातही ही खूण सर्रास आढळते. हेतू कोसळला. उरली ती केवळ संभाव्यता, आणि तीही समूहाची.

आपण मराठीत म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. धर्मकीर्तींनी हेच उदाहरण घेऊन आपल्याला सावध केले आहे. भांड्यातली पुष्कळ शिते शिजलेली दिसली तरी केवळ त्याच भांड्यात आहे एवढ्यावरून उरलेले शीत शिजलेच आहे, असे सिद्ध होत नाही, असे ते सांगतात. जी शिते त्याच जातीची आहेत आणि ज्यांना शिजविणारी आच तीच मिळाली आहे, ती शिजलेली आहेत एवढेच म्हणता येईल. एकत्र दिसणे हे कारण नव्हे. हेतू आणि साध्य यांच्यात धूर आणि अग्नी यांच्यासारखे उत्पत्तीचे किंवा स्वभावाचे नाते दाखवावे लागते. यंत्र हजारो अर्ज पाहून 'हे आणि ते एकत्र आढळते' एवढे शिकते. पिनकोड हे त्याच्यासाठी भांडे होते. आडनावही भांडे होऊ शकते. आणि भांड्यावरून माणसाची परीक्षा करण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. जन्म हाच हेतू आणि लायकी हे साध्य, असे अनुमान या देशाने शतकानुशतके चालविले. त्याला नियमाचे आणि धर्माचे नाव दिले. आता तेच अनुमान गणिताचे नाव घेऊन परत येऊ शकते, आणि यावेळी पुढ्यात भांडायला माणूसही नसेल.

येथे आम्हांस परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केलेला एक भेद आठवतो. नियम आणि तत्त्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असे त्यांनी तेथे दाखविले. नियम ठराविक पद्धतीने काय करावे ते सांगतो. तत्त्व मात्र एखाद्या गोष्टीचा न्याय कसा करावा याची दृष्टी देते, म्हणून तत्त्वाने वागणारा माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो. यंत्राला नियम देता येतील, नियमांना वजन देता येईल. पण निकालाची जबाबदारी यंत्राची असू शकत नाही. ती ज्यांनी यंत्र बसविले त्यांची असते. "सिस्टीमने नाकारले" हे वाक्य म्हणजे त्या जबाबदारीतून काढलेली पळवाट होय.

म्हणून आम्ही आणि त्या विद्यार्थ्याने मिळून एक अर्ज लिहिला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, चार प्रश्न होते. माझ्याविषयीची कोणती माहिती विचारात घेतली आणि ती खरी आहे का? त्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याचा नियम कोणता? तो नियम किती वेळा चुकतो? आणि माझ्या भागाविषयीची नव्हे, माझ्या स्वतःच्या व्यवहाराविषयीची कोणती नोंद आपण पाहिली? सोबत त्याने तीन वर्षांच्या कामाच्या पावत्या आणि वीजबिल भरल्याच्या नोंदी जोडल्या. हा लेख छापावयास देईपर्यंत उत्तर आलेले नाही. त्याने स्मरणपत्र पाठविले आहे आणि तो पाठपुरावा सोडणार नाही, एवढे आम्ही जाणतो.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही आज ठाण्यात, ऐरोलीत, पुण्यात संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. पालकांपैकी अनेकांना लवकरच मुलांच्या प्रवेशात, नोकरीत, दवाखान्यात अशा यंत्रांशी गाठ घ्यावी लागेल. या दोघांनाही आमचे एकच सांगणे. जे यंत्र घडवितात त्यांनी ६० ते ९० असे उत्तर असेल तेव्हा ६३ सांगू नये, आणि समूहाचे अनुमान एकट्या माणसावर लादू नये. ज्यांच्यावर यंत्राचा निकाल येतो त्यांनी खाली मान घालून परतू नये, वरचे चार प्रश्न लेखी विचारावेत. कालामांच्या गावी तथागतांनी ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर आणि नुसत्या तर्कावरही विसंबू नका असे सांगितले, ते यंत्राच्या शब्दालाही लागू आहे.

पुढील शैक्षणिक वर्षापासून नववीच्या मुलांना आम्ही हा पाठ कान्हेरीच्या सहलीच्या आदल्या दिवशी शिकविणार आहोत. दुसऱ्या दिवशी लेण्यांतील दानलेख वाचताना ती पाहतील की दोन हजार वर्षांपूर्वीचा कल्याणचा दाता तेथे कोणत्या भांड्यातले शीत म्हणून उभा नाही. तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या दानाने उभा आहे.

जय भीम.